चेहऱ्यावरचा वण : दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

तुळशीचे लग्न पार पडले की मुहूर्त सुरू होतात आणि प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात एक ठरावीक विनंती येऊ लागते. मुलीच्या गालावर, मुलाच्या हनुवटीवर किंवा भुवईवर लहानपणीच्या जखमेचा वण असतो. साखरपुडा दीड महिन्यावर आलेला असतो. सोबत आलेले मामा किंवा आई खुर्ची पुढे ओढून म्हणतात, 'डॉक्टरसाहेब, एवढा डाग काढून टाका, लग्नाच्या फोटोत दिसायला नको.' या विनंतीला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते नकारार्थी द्यावे लागते. वण दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया अनेकदा तासाभरात आटोपते, रुग्ण त्याच दिवशी घरीही जातो. परंतु तिचा खरा निकाल हाती येण्यास सहा महिने ते एक वर्ष लागते. दीड महिन्याने तर तो वण पूर्वीपेक्षा अधिक लाल, अधिक टणक दिसण्याचीच शक्यता जास्त असते.

हे गणित आधी कोणी समजावून न सांगितल्यामुळे चांगली झालेली शस्त्रक्रियाही फसली असे समजून निराश होणाऱ्यांची संख्या कमी नाही. काही जण मग दुसरा डॉक्टर गाठतात, काही जण औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम चेहऱ्यावर चोळू लागतात, आणि जो वण आपोआप शांत झाला असता तो बिघडतो. म्हणूनच शस्त्रक्रिया कशी होते यापेक्षा शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष कसे काढायचे, याची माहिती रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना अधिक असणे आवश्यक आहे.

वण का राहतो?

केवळ वरच्या थराला खरचटले तर कातडी पूर्ववत होते. जखम त्याखालच्या जाड थरापर्यंत गेली की शरीर नवी कातडी विणत नाही, ठिगळ लावते. हे ठिगळ म्हणजे वण. त्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. पण निरोगी कातडीत हे तंतू टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात, तर वणात ते एकाच दिशेने दाटीवाटीने पडलेले असतात. वणावर केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथी नसतात, रंगही आजूबाजूच्या कातडीशी पूर्णपणे जुळत नाही.

जखम भरण्याचे तीन टप्पे मानले जातात. पहिले काही दिवस सूज आणि लाली. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांपर्यंत नवे तंतू आणि नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होतात. तिसरा टप्पा सर्वांत लांबचा, म्हणजे वर्षभराचा आणि कधी त्याहूनही अधिक. या काळात शरीर घाईघाईने घातलेले तंतू काढून टाकते, नवे घालते, त्यांची मांडणी बदलते. पहिल्या आठवड्यानंतर जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी ती २० ते ३० टक्क्यांवर येते आणि पूर्ण मुरल्यावरही ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, ही समजूत किती चुकीची आहे हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात वण सर्वांत वाईट दिसतो. त्यानंतर तो हळूहळू फिका, मऊ आणि सपाट होत जातो.

याच कारणास्तव मूळ जखमेनंतर किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबूनच दुरुस्तीचा विचार केला जातो. अनेकदा तेवढ्या अवधीत वण इतका शांत होतो की शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. अपवाद आहेत. वणाच्या ओढीने पापणी मिटेनाशी झाली तर बुबुळ कोरडे पडून दृष्टीला धोका असतो. तोंड उघडेनासे झाले तर जेवण अडते. अशा वेळी थांबून चालत नाही.

पुण्यातील एका नाकाची गोष्ट

चेहरा दुरुस्त करण्याच्या विद्येत महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजांच्या सैन्यासोबत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाव पारशी वाटत असले तरी तत्कालीन वृत्तांतात तो मराठा असल्याचे नमूद आहे. सुमारे वर्षभर नाकाविना काढल्यानंतर पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी खाली वळवून नवे नाक घडवले. ते पाहण्यास इंग्रज डॉक्टर हजर होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत छापून आला आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या पद्धतीकडे गेले. पुढे जोसेफ कार्प यांनी लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया करून १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या वृत्तांतातील एक तपशील महत्त्वाचा आहे. नवे नाक जवळजवळ नैसर्गिक दिसते, आणि कपाळावरील वण काही काळाने फारसा जाणवत नाही, असे त्यात म्हटले आहे. 'काही काळाने' हे शब्द आजचे सर्जनही वापरतात. कावसजीचे चित्र काढणारा चित्रकार जेम्स वेल्स हा आपल्या वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करणाराही होता, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांवर व हातांवर शस्त्रक्रिया करून या शास्त्राला सौंदर्याच्या चौकटीबाहेर काढले. रोग बरा झाला तरी चेहरा जोवर रोग सांगत राहतो, तोवर गाव त्या माणसाला परत घेत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

आपल्या शहराला हा विषय परिचित झाला तो मुख्यतः शिबिरांमुळे. पंढरपूर येथे १९३० मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरी करीत. १९७८ मधील मोटार अपघाताने त्यांना अर्धांगवायू झाला, नंतर कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागले, हृदयविकाराचे झटके आले. तरीही व्हीलचेअरवर बसून त्यांनी हे काम चालू ठेवले. भारतीय जैन संघटना, लायन्स क्लब अशा संस्था ही शिबिरे भरवीत. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळेपणा यांच्यासोबत चेहऱ्यावरील विद्रूप वण हाही त्या शिबिरांच्या यादीतील ठरलेला विषय होता. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १४ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतरही त्यांच्या सहकाऱ्यांनी शिबिरांची परंपरा चालू ठेवली.

शिबिराची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आठवड्याने निघून जातात आणि वण वर्षभर बदलत राहतो. त्यामुळे शिबिरात शस्त्रक्रिया झाली तर पुढील तपासणी स्थानिक कोणत्या डॉक्टरांकडे करायची, हे त्याच दिवशी विचारून घेणे शहाणपणाचे.

सर्जन नेमके काय करतात?

'प्लास्टिक सर्जरी' या शब्दातील प्लास्टिकचा बादली-मगाच्या प्लास्टिकशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, आकार देणे असा आहे. वण नाहीसा करणारी शस्त्रक्रिया अस्तित्वात नाही. वाईट वणाच्या जागी बरा वण आणणे, एवढेच त्या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट असते. बरा वण म्हणजे बारीक, सपाट, रंगाने जुळता आणि चेहऱ्याच्या नैसर्गिक रेषांत लपणारा.

कपाळावरच्या आडव्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी या रेषांच्या दिशेने असलेला वण डोळ्यांत भरत नाही. त्यांना आडवा छेद देणारा वण प्रत्येक हसण्या-बोलण्यासोबत ताणला जातो आणि रुंद होतो. साधा रुंद वण असेल तर तो होडीच्या आकारात कापून कडा नीट जुळवतात. दिशा चुकलेली असेल किंवा वण आखडला असेल, तर 'झेड-प्लास्टी' करतात. इंग्रजी झेड अक्षरासारखे छेद घेऊन कातडीचे दोन त्रिकोण परस्परांच्या जागी बसवले जातात. कोन ६० अंशांचे ठेवले तर वणाची लांबी तत्त्वतः सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते, ओढ सुटते आणि रेषेची दिशाही बदलते. गालावरील लांब सरळ वणासाठी नागमोडी किंवा तुटक रेषेचे छेद वापरतात, कारण सरळ रेषा नजर चटकन पकडते, तुटक रेषा निसटून जाते. वण मोठा असल्यास काही महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने कापतात.

देवी, कांजिण्या किंवा मुरुमांच्या खड्ड्यांचा प्रकार वेगळा. देवीचे वण असलेले चेहरे आता वृद्धांमध्येच दिसतात, कारण भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला. मुरुमांचे खड्डे मात्र तरुणांत सर्रास आहेत. त्यासाठी खड्ड्याखालचे तंतू सुईने सोडवणे, लेझर, पृष्ठभाग घासून समतल करणे किंवा शरीरातील चरबी काढून खाली भरणे हे उपाय आहेत.

अपघातानंतर पहिल्या काही तासांत काय होते, यावरही पुढचा वण ठरतो. रस्त्यावर घसरून पडल्यास डांबराचे आणि खडीचे कण कातडीत घुसतात. ते त्याच वेळी नीट घासून धुतले गेले नाहीत, तर कायमचे निळसर-काळे गोंदण उमटते आणि नंतर ते काढणे फार अवघड जाते. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने गाल, नाक, गळा कापल्याच्या घटना शहरात घडतात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२० च्या अखेरीस या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. मांजाची जखम धारदार आणि खोल असते. वरवर लहान दिसली तरी ती प्रशिक्षित हातांनीच शिवली जावी.

पहिले आठवडे : पट्टी, टाके आणि धीर

चेहऱ्यावरील टाके साधारणतः पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात, पापणीवरचे त्याहून लवकर. ते जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच आडवे ठसे उमटतात आणि वण शिडीसारखा दिसू लागतो. टाके निघाल्यावर जखमेवर बारीक चिकटपट्ट्या लावल्या जातात. कातडीचा ताण पट्टीने सोसावा, कच्च्या वणाने नव्हे, हा त्यामागील हेतू आहे. काही आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्यास दोन-तीन महिनेही, त्या लावाव्या लागतात. कागदी चिकटपट्टी स्वस्त मिळते आणि उपचारांतील ही सर्वांत कमी खर्चाची, सर्वांत जास्त दुर्लक्षित पायरी आहे.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या डाव्या भुवईत महाविद्यालयीन काळात दुचाकीवरून पडल्याची खूण आहे. टाके निघाल्यावर पट्टी लावायची असते, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि विचारायचे सुचलेही नाही. भुवईतील ती बोटभर फट आजही तशीच आहे. विचारणे हे रुग्णाचेही काम आहे, एवढाच या उल्लेखाचा हेतू.

खपली काढू नये. जखम कोरडी करण्याची आपल्याकडे घाई असते, पण किंचित ओलसर ठेवलेली जखम अधिक चांगली भरते. साध्या व्हॅसलिनचा पातळ थर त्यासाठी पुरेसा असतो. पहिला आठवडाभर खाली वाकणे, जड उचलणे, खळखळून हसणे आणि कडक चावणे टाळावे. उशी थोडी उंच घेतल्यास सूज लवकर उतरते.

सिलिकॉन आणि मालिश

जखम पूर्ण बंद झाल्यावर, म्हणजे सुमारे दोन-तीन आठवड्यांनी, सिलिकॉनचा वापर सुरू होतो. वण उंच होऊ नये यासाठीच्या उपायांत जगभर प्रथम पसंती सिलिकॉनलाच आहे. ते वणातील ओलावा टिकवते आणि त्यामुळे जादा कोलॅजेन तयार होण्याचा इशारा मंदावतो, असे मानले जाते. पत्रा वापरायचा तर दिवसाचे किमान बारा तास, आणि किमान दोन-तीन महिने. आपल्याकडील उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, घामाने हा पत्रा गालावर ठरत नाही आणि त्याखाली घामोळे येते. अशा वेळी दिवसा पारदर्शक सिलिकॉन जेल आणि रात्री पत्रा, अशी विभागणी सोयीची पडते. जेलचा थर अगदी पातळ असावा. जाड थर वाळत नाही आणि धूळ धरतो. नळीची किंमत पाहून अनेक जण एका महिन्यात थांबतात. एक महिना वापरून थांबणे म्हणजे खर्च केला पण उपचार केला नाही.

मालिश साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच करावी. बोटाच्या टोकाने वणावर घट्ट दाब देऊन गोल आणि आडवे-उभे, दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटे. कातडी खालच्या थरावर सरकली पाहिजे. बोट कातडीवरून नुसते घसरत राहिले तर उपयोग होत नाही. साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल चालते. व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून लावण्याची पद्धत लोकप्रिय आहे. परंतु अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यापासून वणाला फायदा दिसला नाही, उलट सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कातडीची ॲलर्जी झाली. तो अभ्यास लहान होता, हे खरे. तरी ताज्या वणावर असा प्रयोग करण्याचे कारण उरत नाही.

मराठवाड्याचे ऊन

गोऱ्या कातडीच्या देशांत ताज्या वणाची लाली ही मोठी तक्रार असते. आपली तक्रार काळेपणाची. सावळ्या कातडीत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चटकन चाळवतात. जखम, घर्षण, लेझर, ऊन यांपैकी काहीही निमित्त होते आणि वण उत्तम बारीक असूनही त्याभोवती तपकिरी पट्टा उमटतो. म्हणून पहिले सहा महिने तरी उन्हापासून संरक्षण हे औषधाइतकेच महत्त्वाचे. जखम भरल्यावर एसपीएफ ३० किंवा अधिक क्षमतेचे सनस्क्रीन, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके, घराबाहेर असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत निर्धास्त राहणे व्यर्थ आहे.

आपल्या शहरात मुली दुचाकीवर चेहऱ्याला सुती स्कार्फ गुंडाळतात, ती सवय येथे उपयोगी पडते. कापड मऊ असावे आणि वणावर घासले जाऊ नये. हनुवटीचा वण असल्यास हेल्मेटचा पट्टा त्यावर येतो. हेल्मेट टाळण्याचा मार्ग नाही, तेव्हा पट्ट्याला मऊ कापड गुंडाळावे.

वेळेची निवड करता येत असेल तर जून-जुलै सोयीचा वाटतो. ढगाळ दिवस सुरू झालेले असतात, आणि पुढच्या मार्चचे ऊन तापेपर्यंत आठ महिने निघून जातात. उन्हाळी सुटीत शस्त्रक्रिया उरकण्याकडे पालकांचा कल असतो, तो शाळेच्या दृष्टीने योग्य असला तरी वणाच्या दृष्टीने नाही. आणि लग्नाचे म्हणाल, तर जुलैमध्ये शस्त्रक्रिया केलेल्यांनी पुढच्या एप्रिल-मेचे मुहूर्त धरावेत. हळदीच्या दिवशी वणावर हळद चोळणे, त्याआधी पार्लरमध्ये ब्लीच किंवा फेशियल करणे, रंगपंचमीचे रासायनिक रंग, हे सारे कच्च्या वणाला त्रासदायक ठरू शकते.

वण उंच होऊ लागला तर

दुसऱ्या महिन्यात वण खाजू लागला, कडक आणि उंच झाला तर डॉक्टरांकडे लगेच जावे. येथे दोन प्रकार ओळखणे महत्त्वाचे. पहिला, मूळ जखमेच्या सीमेतच उंच झालेला वण. तो बहुधा काही महिन्यांत आपोआप उतरू लागतो. दुसरा केलॉइड, जो सीमा ओलांडून निरोगी कातडीत पसरतो. कानाची पाळी आणि जबड्याची कड ही चेहऱ्याजवळील त्याची नेहमीची ठिकाणे. केलॉइड नुसता कापून काढला तर तो निम्म्याहून अधिक रुग्णांत परत येतो, बहुधा पूर्वीपेक्षा मोठा होऊन. आपल्याला किंवा घरात कोणाला कान टोचल्यावर गाठ आली असेल, छातीवर उंच वण असतील, तर ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी आवर्जून सांगावी.

यावर मुख्य उपचार म्हणजे ट्रायॲम्सिनोलोन या स्टिरॉइडची वणातच दिली जाणारी इंजेक्शने. ती साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात, दुखतात, आणि प्रमाण चुकले तर कातडी पातळ किंवा पांढरी पडते. पूरक म्हणून दाब, सिलिकॉन, निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचार असे मार्ग आहेत. लाली राहिली तर रक्तवाहिन्यांवर काम करणारे लेझर, पृष्ठभाग खडबडीत राहिला तर फ्रॅक्शनल लेझर किंवा डर्माब्रेजन. सावळ्या कातडीवर लेझरची तीव्रता जपून ठेवावी लागते. जादा तीव्रतेने भाजल्यास नवा डाग पडतो. 'एका बैठकीत डाग गायब' अशी जाहिरात दिसली तर यंत्र कोण चालवणार आणि त्याची पदवी कोणती, हे दोन प्रश्न विचारावेत.

दुकानातून आणलेले मलम

सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे. 'गोरे करणारे', 'डाग घालवणारे' म्हणून शेजारणीने सुचवलेल्या मलमांत अनेकदा तीव्र स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, लालसर जाळे दिसू लागते, पुरळ येते, आणि मलम बंद करताच आग होते म्हणून माणूस ते सोडू शकत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातले. नियम झाला, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार शोधावा लागतो. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हेही ताज्या वणावर लावू नयेत.

तंबाखूचा उल्लेख टाळता येणार नाही. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि फिरवलेल्या कातडीच्या कडा काळ्या पडण्याचा धोका वाढतो. सिगारेट, गुटखा, मिश्री काहीही असो, शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर किमान चार आठवडे बंद. गुटख्याने तोंड उघडणे कमी झालेले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगावे. मधुमेह, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे यांचीही माहिती लपवू नये.

खर्च आणि हक्क

शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ पासून मराठवाड्यातील गरिबांचा आधार राहिली आहे. भाजल्यानंतर आखडलेल्या वणांवरील शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून चौकशी करावी. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया तेथे बसत नाही.

खासगी आरोग्य विमा असलेल्यांचा एक गैरसमज दूर व्हावा. 'प्लास्टिक सर्जरी विम्यात नसते' असे सरसकट सांगितले जाते. पॉलिसीच्या प्रमाणित अटीत सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, हे खरे. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक शस्त्रक्रिया हा त्याच अटीतला अपवाद आहे. त्यासाठी मूळ अपघाताची कागदपत्रे, जुनी छायाचित्रे आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

ॲसिड हल्ल्यातील पीडितांची बाब सर्वस्वी निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान तीन लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. २०१५ मध्ये, खासगी रुग्णालयांनीही अशा पीडितांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसह मोफत उपचार केले पाहिजेत, असे स्पष्ट केले. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्याच्या पीडितांचा समावेश आहे. अशा चेहऱ्यांना एक नव्हे, अनेक शस्त्रक्रिया लागतात आणि त्या वर्षानुवर्षे चालतात.

आरसा आणि छायाचित्र

वण किती मोठा आहे आणि तो माणसाला किती छळतो, यांचा थेट संबंध नसतो. अर्ध्या गालावर भाजल्याची खूण घेऊन बाजारात निर्धास्त फिरणाऱ्या बाया आहेत आणि तांदळाएवढ्या खुणेपायी महाविद्यालय सोडलेली मुलेही आहेत. चांगला सर्जन पहिल्या भेटीत वण मोजण्याआधी रुग्णाला विचारतो, 'तुला यातले नेमके काय खुपते?' उत्तर मुलाकडून यावे, सोबतच्या मामांकडून नव्हे. उंची, रंग, ओढ, खड्डा यांपैकी कशाचा त्रास आहे ते कळले तर उपचार ठरतो. कधी उत्तर असे येते की वणापेक्षा तो वण झाला तो दिवस खुपतो आहे. तेव्हा समुपदेशकाची मदत शस्त्रक्रियेइतकीच आवश्यक असते. मधल्या महिन्यांसाठी कातडीच्या रंगाचे दाट आवरण-मेकअप मिळतात. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून ते वापरण्यास हरकत नाही. पुरुषांनीही संकोच करू नये.

एक साधा उपाय मात्र प्रत्येकाने करावा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आणि नंतर दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, त्याच अंतरावरून मोबाइलवर वणाचे छायाचित्र काढावे. रोज आरशात पाहणाऱ्याला बदल दिसत नाही आणि त्याचा धीर तिसऱ्या महिन्यात सुटतो, कारण त्याच सुमारास वण सर्वांत लाल असतो. सहाव्या आणि बाराव्या महिन्याची छायाचित्रे पहिल्याशेजारी ठेवली की डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही एकच गोष्ट दिसते. पुन्हा एखादी लहान दुरुस्ती करायची किंवा कसे, याचा निर्णय त्या वेळी घेतला जातो, त्यापूर्वी नव्हे.